सी-३०१चा स्पीकर आणि ब्रूस डिकिन्सनचा नवा अल्बम

शुक्रवार, १ मार्च २०२४

बी-४०२ स्वाती (सायं. ७:४२): सी विंगमध्ये एवढ्या मोठ्याने काय लावलंय? आज दहावीचा पहिला पेपर झाला, बाकीचे अजून व्हायचेत. खिडक्या लावून घेतल्या तरी धडधड थेट टेबलापर्यंत येतेय. दिवाळीतही हेच सांगितलं होतं.

बी-१०३ सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती. परीक्षेचे दिवस आहेत, आवाजाचे भान ठेवावे. उद्या टाकी धुणार असल्याने सकाळी १० ते १ पाणी बंद राहील. सहकार्य करावे 🙏

ए-५०१ मेधाताई: बरं झालं कोणीतरी बोललं. गणपतीनंतर माझ्या क्लासची पेटी साडेसातला बंद करायला लावलीत. तेव्हा सही घ्यायला घरी आला होतात. नियम सगळ्यांना सारखा असू दे.

बी-२०४ तेजस: आज ब्रूस डिकिन्सनचा 'द मँड्रेक प्रोजेक्ट' आला ना! मंदारदादाच असणार 🤘

सी-१०२ कदम: गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे? काढा. माझी आत अडकली आहे.

सी-३०१ मंदार: स्वातीताई, स्पीकर बंद केला. आता हेडफोनवर ऐकतोय. लेकीला पेपरसाठी शुभेच्छा सांगा. 'आयर्न मेडन' या मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन, त्याचा सोलो अल्बम १९ वर्षांनी आलाय. आधीचा 'टायरनी ऑफ सोल्स', २००५चा. ऑफिसातून आलो आणि सरळ लावला.

बी-४०२ स्वाती: धन्यवाद. पण मेसेज टाकल्याशिवाय बंद होत नाही, याचंच वाईट वाटतं.

ए-२०४ निनाद: मंदार, माझा दुपारीच ऐकून झाला. खरं सांगू? हिरमोड झाला. एवढी वर्षं थांबून हे? मेडनमध्ये स्टीव्ह हॅरिसचा बेस पुढे दौडतो, निकोचे ड्रम्स श्वास घेतात. इथे सगळं दाबल्यासारखं वाटतं. आणि 'इटर्निटी हॅज फेल्ड' तर जुनंच गाणं. मेडनचा 'द बुक ऑफ सोल्स', २०१५, पहिलंच गाणं, तेव्हा नाव 'इफ इटर्निटी शुड फेल'. तेच परत विकतायत.

सी-३०१ मंदार: एकदाच ऐकलंस ना? तेही कामाच्या मधे?

ए-२०४ निनाद: चांगला अल्बम पहिल्या फटक्यात कळतो. ब्रूसचाच 'द केमिकल वेडिंग' कळला होता.

सी-४०३ ऋता: मी लोकलमध्ये ऐकला, दादर ते डोंबिवली, उभ्यानेच. 'आफ्टरग्लो ऑफ रॅग्नारॉक' नोव्हेंबरमध्येच ऐकलं होतं, तेव्हा नुसतं जड वाटलं. आज पहिल्या नंबरवर आलं आणि नीट बसलं. 'रेन ऑन द ग्रेव्ह्ज' मात्र मला पहिल्यापासून आवडतं. वर्ड्सवर्थच्या कबरीपाशी पावसात उभं असताना सुचलं म्हणे त्याला. सैतान कबरीवर भेटतो आणि ब्रूस दोघांचेही आवाज स्वतःच काढतो. नट आहे तो.

बी-२०४ तेजस: कॉमिक पण आहे. १२ अंकांचं. डॉ. नेक्रोपोलिस, प्रोफेसर लाझारस, सगळी भानगड. मी पहिला अंक मागवणार.

ए-२०४ निनाद: कॉमिक ठीक आहे रे. पण पुन्हा सांगतो, 'इटर्निटी' जुनंच गाणं. बुक ऑफ सोल्स, २०१५, पहिलं गाणं. उकळलेला चहा परत उकळलाय.

बी-१०३ सेक्रेटरी: कृपया हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. वैयक्तिक चर्चा वेगळ्या ग्रुपवर करावी.

सी-१०२ कदम: सेक्रेटरी साहेब, सोसायटीचंच काम सांगतोय. पांढरी गाडी.

ए-५०१ मेधाताई: मागच्या आठवड्यात सुविचार आणि गुडघेदुखीचे व्हिडिओ आले, तेव्हा कोणाला ग्रुप वेगळा आठवला नाही. बोलू दे त्यांना. निदान स्वतःचं काही बोलतायत.

सी-३०१ मंदार: निनाद, आता नीट वाच. ते गाणं मेडनचं नव्हतंच. ब्रूसने एकट्याने लिहिलेलं, याच सोलो प्रोजेक्टसाठी. स्टीव्ह हॅरिसने डेमो ऐकला, त्याला आवडलं, म्हणून ते मेडनकडे गेलं. बुक ऑफ सोल्समधल्या त्या गाण्याच्या शेवटी भसाड्या आवाजात कोण बोलतो, आठव. स्वतःचं नाव सांगतो. नेक्रोपोलिस. २०१५ला आपण दोघांनी डोकं खाजवलं होतं, हा कोण उपटला म्हणून. आता तेजसने वर काय लिहिलंय बघ. कॉमिकचा डॉ. नेक्रोपोलिस. ते पात्र याच गोष्टीतलं आहे. गाणं उसनं गेलं होतं, आता घरी आलंय.

बी-२०४ तेजस: आईशप्पथ. हे मला माहीतच नव्हतं 😳

सी-४०३ ऋता: आणि तसंच्या तसं परत आणलेलंही नाही. सुरुवातीला बासरी आहे, पुढे चाल जास्त वेगात. मेडनचं साडेआठ मिनिटांचं होतं, हे सातच्या आसपास. तो शेवटचा भसाडा आवाज इथे लागतच नाही, गोष्ट अल्बमभर सांगितलेली आहे.

ए-२०४ निनाद: असेल. मग स्टीव्हला द्यायचंच नव्हतं. एकदा दिलं की ते मेडनचं झालं. माझ्यासाठी ते २०१५चंच गाणं राहणार.

सी-३०१ मंदार: हा हट्ट आहे.

ए-२०४ निनाद: हट्ट नाही, निष्ठा आहे. १ फेब्रुवारी २००८ला बीकेसीच्या मैदानात धूळ खात उभे होतो आपण. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिला शो आपल्याकडे झाला. 'एसेस हाय' सुरू झालं आणि तू माझा खांदा इतका दाबलास की दोन दिवस दुखत होता. त्या बँडचा आवाज कानात आहे म्हणून बोलतोय.

सी-३०१ मंदार: मग त्या रात्री रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत कोण गात होतं? त्याच माणसाच्या जिभेच्या मुळाशी २०१४च्या शेवटी कॅन्सर सापडला. बुक ऑफ सोल्स तेव्हा नुकताच रेकॉर्ड झाला होता. तू आज ऐकलास तो त्या आजारानंतरचा त्याचा पहिला सोलो अल्बम आहे. 'दाबल्यासारखं' म्हणण्याआधी एवढं तरी लक्षात घे.

बी-४०२ स्वाती: तुमच्या गायकाच्या प्रकृतीचं ऐकून वाईट वाटलं. पण माझा प्रश्न साधा आहे, परीक्षा संपेपर्यंत संध्याकाळी स्पीकर लागणार की नाही?

सी-३०१ मंदार: नाही लागणार, ताई. शब्द देतो.

ए-५०१ मेधाताई: मंदार, या गायकाचं वय काय?

सी-३०१ मंदार: ६५, मेधाताई.

ए-५०१ मेधाताई: मघाशी भिंतीतून जे आलं ते मी नाइलाजाने ऐकलं. मला ते संगीत कळत नाही आणि कळल्याचा आवही आणणार नाही. पण गळा ओळखता येतो. खालच्या सुरांत भरीव लागतोय, शब्दावर जोर देतोय, वर जाताना ओढाताण करत नाही, नेमक्या जागीच जातो. या वयात पट्टी उतरवून गाण्यात कमीपणा नसतो. हट्टाने तार सप्तकात किंचाळणारे पुष्कळ पाहिलेत. माझ्या क्लासचा मुद्दा मात्र अजून तसाच आहे, तो विसरू नका.

सी-३०१ मंदार: ताई, हेच मला मघापासून सांगायचं होतं आणि शब्द मिळत नव्हते. निनाद, वाचलंस? मेडनमध्ये त्याला तीन गिटार आणि स्टीव्हच्या बेसच्या वरून ओरडावं लागतं. इथे गिटार, बेस, निर्मिती सगळं रॉय झीकडे. ड्रम्सवर डेव्ह मोरेनो, कीबोर्डवर मिस्थेरिया. गाणी गळ्याच्या मापाने शिवलेली आहेत. 'रेझरेक्शन मेन' घे. सुरुवातीला जुन्या काउबॉय सिनेमासारखी झणझणीत गिटार, खाली बोंगो, तेही ब्रूसनेच वाजवलेले. तू म्हणणार, हे काय मेटल? आणि मग मधे सगळं थांबतं, बेस एकटा खाली उतरतो, त्याच्यावर इतका सावकाश, वजनदार रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, येतो की 'ब्लॅक सॅबथ' बँड आठवतो. मेडन हे कधी करणार नाही. करूही नये. म्हणून तर वेगळा अल्बम लागतो.

ए-२०४ निनाद: रेझरेक्शन मेनचा मधला तुकडा चांगला आहे, ते मी नाकारत नाही. पण ड्रम्स पोकळ आहेत. आणि 'इटर्निटी' जुनं.

बी-२०४ तेजस: निनाददादाचा मेसेज पिन करा कोणीतरी, टाइप करायचा त्रास वाचेल 😂

ए-२०४ निनाद: तेजस, तुझा जन्म झाला तेव्हा माझ्याकडे मेडनच्या कॅसेट झिजल्या होत्या. जरा मानाने बोल.

बी-२०४ तेजस: सॉरी दादा. मस्करी केली.

सी-४०३ ऋता: मला 'फेस इन द मिरर'बद्दल लिहायचंय. कोणीच त्याचं नाव घेतलं नाही. साधी अकूस्टिक गिटार, फार काही नाही. दारूत बुडालेल्या माणसाचं गाणं आहे. लोक त्याला हसतात आणि तो आरशात स्वतःकडे बघतो. ज्या घरात हे रोज बघितलंय त्या घरातल्या माणसाला ते ऐकवत नाही आणि बंदही करवत नाही. दिवा गेलं, कोपर गेलं, मला कळलंच नाही, ठाकुर्लीहून परत यावं लागलं असतं, पण गाडी डोंबिवलीलाच संपणारी होती. असं मोठ्या आवाजाच्या गायकाने हळू गायलं की जास्त लागतं.

सी-३०१ मंदार: ऋता, हो. मी ते दोनदा लावलं.

ए-५०१ मेधाताई: ऋता, उद्या संध्याकाळी चहाला ये गं.

सी-१०२ कदम: गाडी निघाली. धन्यवाद. कोणाची होती ते मात्र सांगितलं नाही कोणी.

बी-१०३ सेक्रेटरी: समितीशी फोनवर बोलून ठरले आहे की २६ मार्चपर्यंत, म्हणजे दहावीचे पेपर संपेपर्यंत, संध्याकाळी ७ नंतर कोणत्याही घरात स्पीकर, वाद्ये, तसेच क्लास चालू ठेवू नयेत. सर्वांनी सहकार्य करावे 🙏

ए-५०१ मेधाताई: "तसेच क्लास"? माझी पेटी साडेसातला बंद होतेच, सगळ्यांना माहीत आहे. दंगा सी विंगमध्ये आणि अर्धा तास माझा कापायचा? समितीने मला फोन केला होता का?

बी-४०२ स्वाती: मेधाताई, मी तुमच्या क्लासबद्दल कधीच तक्रार केली नाही. पेटीचा आवाज आमच्याकडे येतही नाही. सेक्रेटरी साहेब, त्यांची वेळ होती तशीच ठेवा.

बी-१०३ सेक्रेटरी: ठीक आहे. क्लास साडेसातपर्यंत. बाकी नियम कायम.

ए-५०१ मेधाताई: आभार, स्वाती.

सी-३०१ मंदार: शेवटचं लिहितो आणि थांबतो. निनाद, तू 'सोनाटा'पर्यंत पोचलास का? खरं सांग.

ए-२०४ निनाद: मीटिंग लागली. 'शॅडो ऑफ द गॉड्स'पर्यंत ऐकलं.

सी-३०१ मंदार: म्हणजे जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं राहिलं, आणि तेच सगळ्यात मोठं. साधारण २५ वर्षांपूर्वी तयार झालेलं, इतकी वर्षं पडून होतं. कंसातलं नाव 'इमॉर्टल बिलव्हेड', संगीतकार बेथोव्हेनच्या पत्रातल्या प्रियेचं. सुरुवातीला तो गात नाही, बोलतो, अंधाऱ्या खोलीत कोणीतरी गोष्ट सांगावी तसं. शेवटाकडे आवाज इतका उघडतो की ६५ वर्षांचा माणूस आहे हे पटत नाही. ते न ऐकता अल्बमवर मत देऊ नकोस. मेडनवरचं माझं प्रेम तुझ्याइतकंच आहे, पण या माणसाला मेडनच्या बाहेरही काहीतरी सांगायचंय, आणि ते त्याने पूर्ण ताकदीने सांगितलंय.

ए-२०४ निनाद: रविवारी ऐकू. पण घरी नको, तुझ्या गाडीत, खाडीकडे जाऊन. आणि आधी बुक ऑफ सोल्समधलं 'इफ इटर्निटी शुड फेल', मग लगेच हे नवं. लागोपाठ. मग बोलू.

सी-४०३ ऋता: मी पण येते.

बी-२०४ तेजस: मागची खिडकी माझी.

सी-३०१ मंदार: रविवारी सकाळी ८ला खाली या. दोन्ही लावू. सोनाटा शेवटी, आणि ते चालू असताना कोणी बोलायचं नाही.