मदत हवी आहे: तापीच्या गाळात मड (बोअरमध्ये फिरवायचा पातळ चिखल) मुरतंय, सीएमसी (मडमध्ये मिसळायची सेल्युलोज पावडर) किती टाकावं?

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात तापीच्या गाळात रोटरी रिगने ट्यूबवेल चालू आहे, सध्या 210 फुटांवर. हजार लिटरला 55 किलो बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) टाकूनही मार्श फनेल (मडचा दाटपणा मोजायचं नरसाळं) 29 सेकंदच दाखवत होतं. नुसतं पाणी 26 दाखवतं. बादलीत तासभर ठेवलं की वर दोन बोटं नितळ पाणी. म्हणजे जड पाण्यातला कॅल्शियम माती फुगूच देत नव्हता. हा कॅल्शियम काढणारा सोडा ॲश आधी पडायला हवा होता, तो नंतर पडला. नव्या खड्ड्यात हजार लिटरला 1 किलो आधी टाकून पीएच 9 वर आणला, तेव्हा 36 सेकंद मिळाले.

तरी गोट्यांच्या थरात मड मुरतंच आहे. सीएमसी लो-व्हिस्कॉसिटी घ्यावं की हाय, आणि किती? हॉपरमधून हळूहळू सोडलं नाही तर साबुदाण्यासारख्या गुठळ्या होतात, ते ठाऊक आहे. सीएमसीऐवजी गवार गम (गवारीचा डिंक) घेतला तर तो नंतर ब्लीचिंगने तुटतो, पण या उन्हात सडायची भीती. जाळीचा पाइप उतरल्यावर भिंतीवरचा लेप सोडवायला हेक्सामेटाफॉस्फेट किती घ्यावं, किती तास मुरू द्यावं? पाण्याचा झिरा बुजायला नको. भोक ढासळू नये म्हणून मड फिरवतच ठेवलंय, लवकर सांगा.