काउंटीच्या बैठकीला मंडळाने जावं का?

प्रेषक: सचिव, मराठी मंडळ

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या आपल्या मिलवॉकी काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) आरोग्य आणि समता या विषयावरच्या बैठकीला आपल्या मंडळातून कोणी येईल का, अशी विचारणा झाली आहे. मे 2019 मध्ये काउंटीने 'वंशभेद हे सार्वजनिक आरोग्यावरचं संकट आहे' असा ठराव केला होता. असा ठराव करणारी देशातली ही पहिली काउंटी. त्याच कामाचा हा पुढचा भाग. कार्यकारिणीत दोन मतं पडली, म्हणून सगळ्यांना विचारतोय. शुक्रवारपर्यंत कळवा.

(दिवाळी फराळाची ऑर्डर कृपया वेगळ्या मेलवर द्या.)

---

प्रेषक: दिलीप

सचिव आणि मंडळी,

मंडळाने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वंशभेद वाईट, त्यात वाद नाही. पण आजार म्हटलं की मला क्षय, देवी, मधुमेह असं काहीतरी आठवतं. ज्याचं कारण दाखवता येतं आणि ज्यावर औषध किंवा लस देता येते. ठराव करून कोणाचा रक्तदाब उतरला? शिवाय आपल्यातली निम्मी घरं ब्रुकफील्डला आहेत, म्हणजे वॉकेशा काउंटीत. मंडळ आपण भाषेसाठी काढलं, मुलांच्या कानावर मराठी पडावी म्हणून. ते काम आधीच माणसांवाचून अडतंय. ज्यांना जायचं त्यांनी जरूर जावं, पण मंडळाच्या नावाने नको.

---

प्रेषक: माधवी

दिलीपकाका, नमस्कार.

कारण दाखवता आलं पाहिजे, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून जे मी स्वतः पाहिलं तेच आधी सांगते.

तुम्हाला माहीत आहे, मी इथल्या हॉस्पिटलांत श्वसनविभागात काम करते. काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना धाप लागली म्हणून रात्री इमर्जन्सीत नेलं. मी ड्यूटीवर नव्हते, नातेवाईक म्हणून बाजूच्या खुर्चीत होते. बोटावरचा ऑक्सिमीटर 93 दाखवत होता. घरी जायला हरकत नाही, असं सांगून कागद तयार करायला घेतले. आई बोलताना प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबत होत्या, आणि खांदे वर उचलून श्वास घेत होत्या. मी हट्टच धरला, मनगटाच्या धमनीतलं रक्त काढून तपासा म्हटलं. आकडा आला 86. त्या नंतर चार दिवस तिथेच होत्या.

त्यात कोणी डॉक्टर वाईट नव्हता, परिचारिका तर फारच मायेची होती. दोष यंत्रात होता. बोटातून आरपार जाणारा प्रकाश मोजून ते यंत्र अंदाज बांधतं, आणि गडद त्वचेत तो अंदाज चुकतो, बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूला. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर 2020 मध्ये आकडे छापले: यंत्र 92 ते 96 दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन धोक्याइतका कमी आहे, असं गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के वेळा झालं, कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के वेळा. कोविडच्या काळात याच आकड्यावर खाट मिळायची की नाही ते ठरत होतं. काका, आईंचा रंग तुम्ही पाहिला आहे. हे दुसऱ्यांचं भांडण नाही.

एप्रिल 2020 चा पहिला आठवडा मला अजून आठवतो. काउंटीत तोवर 27 जण कोविडने गेले होते. त्यातले 22 कृष्णवर्णीय. लोकसंख्येत त्यांचा वाटा 26 टक्के. काउंटीने हे आकडे वंशानुसार वेगळे काढून जाहीर केले म्हणून ते दिसले; तेव्हा बहुतेक ठिकाणी तसं होत नव्हतं. ठरावाने काय होतं, विचारलंत ना? एक म्हणजे, मोजणी होते.

दुसरं, पाणी आणि घरं. 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्जाच्या नकाशांवर मिलवॉकीच्या वस्त्या रंगवल्या गेल्या, आणि जिथे कृष्णवर्णीय राहत तो भाग लाल. लाल भागात कर्ज नाही, म्हणून डागडुजी नाही, म्हणून जुना शिशाचा रंग भिंतींवर तसाच पोपडे धरून. शिशाच्या रंगावर बंदी आली ती 1978 साली, पण भिंती कोण खरवडणार? शहरात सुमारे 70,000 घरांना मुख्य जलवाहिनीपासून शिशाचे नळ होते. रांगणारं मूल खिडकीच्या चौकटीवरचा पोपडा तोंडात घालतं आणि त्याच्या मेंदूची वाढ खुंटते, जन्मभरासाठी. इथे कृष्णवर्णीयांची बाळं वर्षाची होण्याआधी दगावण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण तिप्पट आहे. त्यामागे गरिबी आहेच, पण ती गरिबी अमुक वस्तीतच का साठली, याचं उत्तर त्या नकाशात आहे. डॉक्टरांच्या खोलीत येण्याआधीच अर्धा आजार होऊन गेलेला असतो. म्हणून काउंटीने त्याला आरोग्याचा प्रश्न म्हटलं, आणि माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते, बरोबर म्हटलं.

आता ठराव. काका, ठरावावर तुमचा विश्वास नाही, आणि त्याला आपल्याकडचाच दाखला आहे. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मांडला, तो मंजूर झाला. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं एकाही अस्पृश्याला तिथे पाणी भरता आलं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यालं, तेव्हा त्या ठरावाचा अर्थ काय ते सगळ्यांना समजलं. त्याच वर्षी नगरपालिकेने घाबरून ठराव मागेही घेतला. स्थानिक स्वराज्य संस्था, पिण्याचं पाणी आणि जन्मावरून ठरलेली माणसाची लायकी, हे तिन्ही एका जागी आपण शंभर वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे. ठराव करणाऱ्यांना विचारायला कोणी जातच नसेल तर तो कागदच राहतो.

म्हणून मला वाटतं जावं, आणि मंडळाच्या नावानेच जावं. माझी मागणी एकच आहे. काउंटीच्या तक्त्यांत आपण 'एशियन' या एका रकान्यात आहोत. त्याच रकान्यात मोंग कुटुंबं आहेत, आग्नेय आशियातल्या युद्धातून निर्वासित होऊन आलेली, आणि विस्कॉन्सिनमध्ये त्यांची वस्ती मोठी आहे. सरासरी काढली की त्यांचं दुखणं आपल्या डिग्र्यांखाली झाकलं जातं, आणि आपल्या लोकांना चाळिशीतच येणारे हृदयविकाराचे झटके कुठेच दिसत नाहीत. रकाना वेगळा करा, एवढं सांगायला मंडळ हवं. माझ्या एकटीच्या सांगण्याला काय वजन?

माधवी

---

प्रेषक: श्रीकांत, वौवाटोसा

माधवीताई, तुमची मेल बायकोला वाचून दाखवली. एक भर घालतो.

आमचं घर घेतलं तेव्हा जुन्या दस्तऐवजांच्या गठ्ठ्यात एक पान होतं. टाइप केलेलं, कडा पिवळ्या. जागा फक्त गोऱ्या वंशाच्या माणसाने घ्यायची वा राहायची, बाकीच्यांना मज्जाव. मात्र मालकाकडे कामाला असलेले घरगडी चालतील, असा अर्थ. 1948 पासून कोर्टं अशा अटी अमलात आणत नाहीत, म्हणून वकील म्हणाले, दुर्लक्ष करा. त्याच घरात आम्ही वास्तुशांत केली. सत्यनारायणाचा चौरंग मांडला ती दिवाणखान्याची जागा, आणि पानावर लिहिलेलं की इथे तुम्ही नोकर म्हणून आलात तर चालेल. मला त्या रात्री झोप आली नाही.

आणखी एक. 1962 पासून कृष्णवर्णीय नगरसेविका व्हेल फिलिप्स बाई मिलवॉकीच्या नगरसभेत खुल्या घरांचा, म्हणजे घर विकताना वा भाड्याने देताना वंश न बघण्याचा, कायदा मांडत होत्या. दर वेळी त्यांचं एकच मत बाजूने, बाकी सगळे विरुद्ध. 1967 च्या ऑगस्टपासून मुलंमुली आणि त्यांच्याबरोबर पाद्री जेम्स ग्रॉपी, सोळाव्या रस्त्याच्या पुलावरून सुरुवात करून सलग 200 रात्री मोर्चे काढत राहिली, थंडीतसुद्धा. तेव्हा कुठे एप्रिल 1968 ला कायदा झाला. आज ब्रुकफील्डला घर बघताना आपण 'शाळा चांगल्या आहेत' म्हणतो. ती वस्ती तशी का झाली, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? मीही विचारलं नव्हतं.

मी बैठकीला येईन.

---

प्रेषक: दिलीप

माधवी, श्रीकांत,

मेल दोनदा वाचली. रकाना वेगळा करण्याची मागणी मला पटली, ती आरोग्याची आहे आणि तिला आकडा आहे. त्या मागणीवर मंडळाचं नाव घालायला माझी हरकत नाही. बाकीच्या ठरावावर मंडळाने सही करू नये, हे माझं मत मात्र कायम आहे. मोठे शब्द वापरले की लहान कामं विसरली जातात. मी येणार नाही, पण मागणीचं पत्र इंग्रजीत लिहून देतो.

ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. 5 ऑगस्ट 2012 ला तिथे एका गोऱ्या वंशवाद्याने गोळीबार केला. सहा जण गेले, आणि सातवे तेव्हाच्या जखमेने साडेसात वर्षं अंथरुणाला खिळून 2020 मध्ये गेले. त्या आठवड्यात आमच्या घरी जमलेल्यांपैकी बरेच जण म्हणत होते, 'चुकून मुसलमान समजून मारलं.' मीही म्हणालो होतो. 'चुकून' या शब्दाची मला अजून लाज वाटते. ही घटना बैठकीत जरूर सांगा.

आणि माधवी, माझ्या घरी तसलाच ऑक्सिमीटर आहे. रात्री 94 दाखवतो. उद्या फोन करतो, केव्हा मोकळी असतेस?

---

प्रेषक: सचिव, मराठी मंडळ

काका, पत्राचा मसुदा रविवारपर्यंत पाठवा. माधवीताई आणि श्रीकांत जातील. श्रीकांत, त्या पानाची छायाप्रत सोबत घ्या. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, ज्यांना यायचं त्यांनी कळवा.