वाणासाठी वारली फ्रिज मॅग्नेट : घसरतात, चुंबक निघून येतं

सायली_ठाणे
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ४० फ्रिज मॅग्नेट करायचे आहेत. ४ मिमी एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) ६ सेमी व्यासाच्या चकत्या कापून आणल्यात. वर गेरूच्या रंगाचा ॲक्रिलिकचा हात आणि त्यावर पांढऱ्यात वारली. मागे १० मिमी व्यासाचं, २ मिमी जाडीचं चंदेरी निओडिमियम (छोटं पण फार ताकदवान) चुंबक ग्लू गनने लावलंय. नमुन्याचे काही दारावरून हळूहळू खाली सरकतात. ओढून काढायला गेलं की चकती हातात येते आणि चुंबक दारालाच राहतं. चुंबक कमी पडतंय की गोंद चुकतोय? ड्रिलने खोबण पाडून आत बसवू का? लाइट बिल, शाळेची सूचना असे एक-दोन कागद धरता यायला हवेत.

नालाकृती
चुंबक पुरेसं आहे, चकती जेमतेम १० ग्रॅमची असेल. दोष गोंदाचा आहे. या चुंबकावर निकेलचा गुळगुळीत मुलामा असतो, ग्लू गनचा गोंद त्याला धरत नाही, नुसता टेकतो. शिवाय साधं निओडिमियम ८० अंशांच्या पुढे तापलं की ताकद गमावू लागतं आणि तो गोंद त्याहून बराच गरम असतो. फेविक्विक लगेच धरतं पण ठिसूळ असतं, दारावर चार वेळा खटकन आपटलं की सुटतं. फेविकॉल नको, त्यातलं पाणी धातूखालून सुकायला वाटच नसते.

दोन ट्यूबचं ॲराल्डाइट घ्या, उशिरा सुकणारं. १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर चुंबकाची एक बाजू आडवी-उभी घासून चमक घालवा. एमडीएफवर जिथे चुंबक बसेल तिथला रंगही खरवडून काढा, नाहीतर गोंद रंगाला चिकटेल आणि रंग एमडीएफवरून सोलून येईल. दोन्ही ट्यूबमधून सारखं घेऊन मिनिटभर नीट घोटा, रंग एकसारखा दिसेपर्यंत. एका चुंबकाला तांदळाच्या दोन दाण्यांएवढं पुरतं. दाबल्यावर कडेने बारीक कडं बाहेर यायला हवं, ते पुसू नका, तेच चुंबकाला कडेने धरून ठेवतं. रात्रभर हलवायचं नाही.

सुकताना खरी गंमत होते. ओल्या गोंदावरची चुंबकं शेजारच्या चुंबकाकडे उडी मारतात. दोन चुंबकांत किमान ५-६ सेमी अंतर ठेवा. चकत्या पालथ्या घालून लोखंडी कपाटाच्या खणावर किंवा उपड्या लोखंडी तव्यावर ठेवा, मध्ये बटर पेपर. खालचं लोखंड एमडीएफमधूनच चुंबकाला खाली ओढून धरतं, वेगळा चाप लागत नाही. हे चकती पालथी असतानाच. चुंबकाची बाजू लोखंडाकडे केलीत तर ते उलट गोंदातून उपटून निघेल.

गेरू_आणि_पीठ
घसरण्याचं कारण वेगळं आहे. चुंबक दाराला काटकोनात ओढतं, वजन मात्र खाली जातं. त्याला फक्त घर्षण अडवतं, आणि निकेलवर ते फार कमी. म्हणून सरळ ओढून न निघणारं चुंबकही सहज खाली सरकतं. आणखी जाड चुंबक घेऊन फारसा फरक पडणार नाही, कारण दाराचा पत्रा इतका पातळ असतो की त्यात एका मर्यादेपलीकडे चुंबकत्व मावत नाही. त्यापेक्षा चुंबकाच्या उघड्या बाजूवर फेविबॉन्ड या रबरी गोंदाचा अगदी पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. पकड वाढते, दारावर ओरखडेही येत नाहीत. जाड थर मात्र नको. चुंबक आणि पत्र्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरनं वाढलं तरी ओढ बरीच उतरते, आणि तुमचे कागदही त्याच अंतरात येणार आहेत.

चुंबक मधोमध लावू नका, वरच्या तिसऱ्या भागात लावा. चकतीचं वजन दारापासून पुढे असतं, त्यामुळे वरची कड सुटायला बघते.

खोबण पाडायला ४ मिमी कमी आहे. फोर्सनर बिटचं (सपाट तळाची गोल खोबण पाडणारं ड्रिलचं पातं) मधलं टोक पात्याच्या पुढे असतं, २ मिमी खोल जाईपर्यंत ते पुढच्या चित्रातून बाहेर डोकावतं. खोबण हवीच असेल तर पुढच्या खेपेला ५.५ मिमी घ्या आणि चुंबक केसभर वर राहील एवढीच खोल करा.

एमडीएफच्या कडांना वार्निशचे दोन हात द्याच. स्वयंपाकघरात ओले हात लागतात, कड फुगली की चित्राला तडे जातात.

अनघा_क्राफ्ट
वरची सगळी माहिती बरोबर आहे, पण वाणासाठी निओडिमियम वापरू नका असंच मी म्हणेन. ४० घरांत कुठे रांगतं मूल आहे ते आपल्याला माहीत नसतं. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेढ्यांमधून एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटून भोक पडतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट इस्पितळात न्यायचं. निघून पडलेलं १० मिमीचं चुंबक लहान मुलाला आयतंच सापडतं.

त्याऐवजी १ मिमी जाडीचा रबरी मॅग्नेट शीट घ्या, मागे चिकट बाजू असलेला. बोहरी आळीसारख्या क्राफ्ट बाजारात किंवा ऑनलाइन मिळतो. साडेपाच सेमीची गोल चकती साध्या कात्रीने कापता येते. पूर्ण पाठीवर लागल्यामुळे घसरत नाही, डुगडुगत नाही आणि दोन कागद धरतो, चार नाही. याची एकच बाजू नीट धरते, कापण्याआधी दारावर लावून बघा. कच्च्या एमडीएफवर चिकट बाजू टिकत नाही, भुशासारखे तंतू गोंदाला लागून सुटतात. आधी फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग चिकटवून वरून लाटणं फिरवा.

सायली_ठाणे
शीटच घेते. एक राहिलं, आमच्या सोसायटीत बऱ्याच जणींकडे काचेच्या दाराचे आणि स्टीलचे फ्रिज आहेत. त्यांच्याकडे चिकटेल?

नालाकृती
काचेच्या दारावर सहसा नाही. स्टीलचं ग्रेडवर आहे, ४३० नंबरच्या स्टीलला चिकटतं, ३०४ ला जवळजवळ नाही, आणि नुसतं बघून ओळखता येत नाही. फ्रिजची बाजूची भिंत बहुधा रंगवलेल्या साध्या पत्र्याची असते, तिथे लागेल. वाणासोबत चिठ्ठी देणार असाल तर त्यात 'फ्रिजच्या बाजूला किंवा लोखंडी कपाटाला लावा' एवढं लिहा.