शब्दचर्चा : प्रभाव, छाप, कित्ता की वळण?

आंरी रिव्हिएर (१८६४–१९५१) या फ्रेंच निसर्गचित्रकारावर लिहिते आहे. 'त्याच्यावर जपानी चित्रांचा प्रभाव होता' हे वाक्य फार ढोबळ वाटतं. 'छाप होती' म्हणू? की 'होकुसाई या जपानी चित्रकाराचा कित्ता गिरवला'? होकुसाईच्या फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांवरून त्यानं 'आयफेल टॉवरची छत्तीस दृश्यं' केली (१९०२).

— 'कित्ता' शीर्षकापुरता आणि मांडणीपुरता ठीक. होकुसाईचा फुजी लाटेखाली इवलासा दिसतो, तसा रिव्हिएरचा टॉवरही कधी दूर कोपऱ्यात उभा असतो. पण कित्ता गिरवताना अक्षर दुसऱ्याचं असतं. इथे बर्फातलं पॅरिस आहे, टॉवरवर काम करणारे कामगार आहेत; ते त्याचे स्वतःचे.

'छाप' मात्र टाळाच. रिव्हिएरची ही चित्रंही छापलेलीच; त्यांच्याविषयी लिहिताना 'जपानी छाप' म्हटलं, तर वाचक जपानी छापचित्रच समजेल!

— 'प्रभाव' पडतो, आणि ज्याच्यावर पडतो तो नुसता उभा असतो. या माणसानं तर १८९० च्या सुमारास फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याची दृश्यं स्वतः लाकडावर कोरली, स्वतः रंग तयार केले, हातानं छापली. जपानात चित्रकार, कोरणारा आणि छापणारा वेगवेगळे असत. यानं तिन्ही कामं एकट्यानं केली, तीही जपानला कधी न जाता. म्हणून मला 'वळण' हवं. हस्ताक्षराला असतं तसं रेषेलाही वळण असतं: छायाप्रकाशाऐवजी सपाट रंग, ठळक बाह्यरेषा, कडेला कापलेली दृश्यं. वळण लागतं, तसं ते मेहनतीनं लावूनही घेता येतं.

— एक दुरुस्ती. टॉवरच्या चित्रांना 'लाकडी ठसे' म्हणू नका. सुरुवातीला बेत लाकडाचा होता, पण मालिका शेवटी लिथोग्राफ म्हणून, म्हणजे दगडावरून छापून, पाच रंगांत निघाली. त्याला आपला जुना शब्द आहे, शिळाछाप. शिळाछाप पोथ्या घरोघरी होत्या, मग चित्रांना तोच शब्द का नको? 'ठसा' ब्रिटनीच्या चित्रांसाठी राखून ठेवा.

— पटलं. आता असं लिहिते: 'जपानी ठसेचित्रं न्याहाळून रिव्हिएरनं आपल्या रेषेला वळण लावून घेतलं, ब्रिटनीचा समुद्र त्यानं लाकडात कोरला आणि पॅरिसचा टॉवर शिळाछापात उतरवला.'