अनुभव धागा : उड्डाण तासाभराचे, प्रवास किती तासांचा?

दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ कुठेही क्षणात सापडतो. पण एका दारातून निघून दुसऱ्या दारात पोचायला किती वेळ लागतो, हे कोकणातल्या माणसाला प्रवास केल्यावरच कळते. आपले असे अनुभव इथे लिहावेत. तिकिटाच्या दरांची चर्चा मात्र नको, ती संपत नाही.

कुडाळ
आमच्या सिंधुदुर्गातला, परुळ्याजवळचा चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात मी आईला मुंबईहून तिथे घेऊन आलो. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३५० किलोमीटर भरते आणि एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडते, म्हणजे पाऊण तास पुरायला हवा. तिकिटावर मात्र जवळपास दीड तास होता. विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ, धावपट्टीपाशी रांगेत थांबणे धरून, त्यात मोजलेला असतो. आईला अर्थात रात्रभर कोकणकन्येने येण्याची सवय. खाली लाल कातळ दिसू लागला तेव्हा ती म्हणाली, "अजून चाय संपाक नाय, आणि परुळा इला पण!"

चिपळूण
मी नोकरीनिमित्त दुबईला असतो. मुंबई ते दुबई अंतर १,९०० किलोमीटरहून थोडे अधिक आहे, आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने पहाटे चारला मुंबईहून निघालेले विमान तिथल्या पावणेसहाला उतरते; घरच्यांना वाटते, दोन तासांतच पोचला. प्रत्यक्षात सव्वातीन तास झालेले असतात. येताना वेळ कमी लागतो, कारण उंचावरचा पश्चिमेकडून येणारा वारा, विशेषतः हिवाळ्यात, विमानाला पाठीमागून रेटतो. खरी परीक्षा मुंबईत उतरल्यावर सुरू होते. चिपळूणपर्यंतचे अडीचशे किलोमीटर कापायला उड्डाणाच्या दुप्पट वेळ सहज जातो, आणि गणपतीच्या आधी तर वडखळ नाक्यावरच उजाडते. सामानात बहुधा भाचरांची चॉकलेटे असतात, ती कशेडीपर्यंत मऊ झालेली असतात.

सावंतवाडी
कुडाळच्या दादांच्या हिशेबात थोडी भर घालते. गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी मुंबईहून मोपा सरळ रेषेत सुमारे ३८५ किलोमीटर, तर दाबोळी सुमारे ४२५. हवेत हा फरक जेट विमानाला चार मिनिटांचाही नाही. जमिनीवर मात्र दाबोळीहून येताना झुआरी आणि मांडवी ओलांडून, पणजी-म्हापशाची गर्दी काढून मगच बांदा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून उड्डाणे सुरू झाल्यापासून आमच्या घरी दाबोळीचे नाव कुणी काढत नाही.

मालवण
पावसाळ्याबद्दल कुणीच लिहिले नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे साधारणपणे एका वेळी एकीचाच वापर होतो, आणि मुसळधार पावसात दिसेनासे झाले की आलेली विमाने वरच घिरट्या घालत राहतात. एकदा मोपाहून मुंबईला जाताना उड्डाणापेक्षा या घिरट्याच लांबल्या. वैमानिक दर थोड्या वेळाने "अजून थोडा वेळ" एवढेच सांगत होते. तेव्हापासून मुंबईहून परदेशी जायचे असले की जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही आदल्या रात्रीची रेल्वे धरतो. पावसाळी वेळापत्रकामुळे ती सावकाश धावते, तरी सकाळी ठाण्याला उतरवते आणि विमानापर्यंत अर्धा दिवस हाताशी राहतो.