पीएचा (फिजिशियन असिस्टंट कोर्सचा) फॉर्म भरताय तर आधी पेशंट केअरचे तास बघा

ताई, मुलीचा जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची सरासरी) चांगलाय तर पेशंट केअरचे तास, म्हणजे स्वतः पेशंट सांभाळल्याचे तास, कमी असले तरी चालेल का असं विचारलंत, माझ्या मते नाही चालणार. अमेरिकेत हा डॉक्टरांसोबत पेशंट तपासायला शिकवणारा कोर्सच मुळात 1965 ला ड्यूक युनिव्हर्सिटीत नेव्हीत पेशंट सांभाळून आलेल्या कॉर्प्समनना घेऊन सुरू झाला, त्यामुळे हाताखालून पेशंट गेलेले असणं याला अजूनही फार वजन आहे. माझ्या लेकीने ईएमटी (अँब्युलन्सवर तातडीचे उपचार देणारी) होऊन दीड वर्ष अँब्युलन्सवर काढलं, इंटरव्ह्यूत बहुतेक सगळं त्यावरच विचारलं. नुसतं डॉक्टरमागे उभं राहून बघणं म्हणजे शॅडोइंग, ते वेगळं मोजतात हां. कॅस्पा, म्हणजे पीएचे फॉर्म भरायचं ऑनलाइन पोर्टल, एप्रिलअखेर उघडतं, बऱ्याच ठिकाणी रोलिंग अ‍ॅडमिशन असतं, जसे फॉर्म येतील तशा सीटा भरत जातात, म्हणून डेडलाइनची वाट न बघता जूनमध्येच टाका.