व्हेनिस पाच तासांत: जावं की गाळावं?

पाणवठा (धागाकर्ती)

मी व्हेनिसला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा २०१७ साली, दहा दिवसांच्या ग्रुप टूरमध्ये. सकाळी दहाला बस त्रोंकेत्तोच्या धक्क्यावर लागली. तिथून बोटीने सान मार्को (तिथलं मोठं चर्च, म्हणजे बासिलिका, आणि त्यापुढचा चौक), चौकात फोटो, काचेच्या कारखान्यात पाऊण तास (त्यातला अर्धा त्यांच्या दुकानात), गोंडोलात अर्धा तास, आणि तीन वाजता परत बोटीत. घरी आल्यावर लोक विचारायचे, काय पाहिलंस? मला गर्दीच आठवायची. चुकामूक होऊ नये म्हणून मी सगळा वेळ टूर मॅनेजरच्या हातातल्या छत्रीवर नजर ठेवून चालत होते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये नवरा आणि मी दोघंच गेलो, कान्नारेज्जो भागात दोन रात्री राहिलो. संध्याकाळी सहानंतर माणसांचा लोंढा स्टेशनच्या दिशेने ओसरतो आणि गाव मोकळं होतं. आमच्या खोलीसमोर एक चौक होता, तिथे त्याला काम्पो म्हणतात. शाळकरी पोरं चर्चच्या भिंतीवर चेंडू मारत होती. चौकाच्या मधोमध दगडी विहीर, तोंडावर लोखंडी झाकण. तिच्या पायथ्याशी ओंजळीएवढा एक खळगा दगडातच कोरलेला. तो कुत्र्यामांजरांना पाणी पिता यावं म्हणून, हे मागाहून कळलं. शहराच्या चहूबाजूंना पाणी, पण सगळं खारं. म्हणून अख्खा चौकच पावसाचं पाणी धरायला बांधलेला असतो. फरशीला उतार, ठरावीक जागी भोकं पाडलेले दगड, खाली चिकणमातीचं अस्तर दिलेली वाळूने भरलेली टाकी, आणि त्या वाळूतून गाळून आलेलं पाणी मधल्या विहिरीत. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं, तोवर गाव असंच पाणी प्यायलं.

मी माणदेशातली आहे. त्या विहिरीपाशी मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. २०१७ मध्ये अशाच किती विहिरींवरून मी त्या छत्रीमागे निघून गेले असेन.

तर माझं मत सरळ आहे. एक रात्र राहणं जमत नसेल तर व्हेनिस यादीतून गाळा. त्या चार-पाच तासांत तुम्हाला ते गाव भेटत नाही, आणि गावाला तुमचा ताप तेवढा होतो. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

मधली_आळी

ताई, विहिरीचं वाचून छान वाटलं. मत अजिबात पटलं नाही.

माझे बाबा ७१ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. गेल्या मे महिन्यात त्यांचा पहिला परदेश प्रवास झाला, तोही ग्रुप टूरनेच. माझी रजा नऊ दिवस, बजेट ठरलेलं, व्हिसाचे कागद गोळा करतानाच अर्धा जीव गेलेला. व्हेनिसला आम्हाला साडेचार तास मिळाले.

१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि युरोपला भारताकडे जायचा समुद्रमार्ग शोधावा लागला, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय. बाबांनी ते चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलंय. मलबारची मिरी अलेक्झांड्रियाला यायची, तिथून व्हेनिसचे व्यापारी उचलायचे आणि सगळ्या युरोपला विकायचे, हेही. सान मार्कोच्या दारावर, वर गच्चीत, चार घोडे आहेत. बाबा त्यांच्याखाली थांबले आणि म्हणाले, "हे १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले. तुर्कांच्या अडीचशे वर्षं आधी ते शहर धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती सैन्यानेच लुटलं होतं, आणि त्यांना जहाजं पुरवली होती व्हेनिसने. मी वर्गात सांगायचो तर पोरांना खरं वाटायचं नाही." आमच्या ग्रुपमधली दहा-बारा माणसं त्यांच्याभोवती उभी राहून ऐकत होती.

आता सांगा, एक रात्र राहता येत नव्हतं म्हणून मी बाबांना हे गाळायला लावायचं? ज्यांना दुसऱ्यांदा जाता येतं त्यांनी पहिल्यांदाच जाणाऱ्याला नको जाऊ म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

राईनकाठी

मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. गेली नऊ वर्षं कोलोनला राहतोय, व्हेनिसला तीनदा गेलो.

रियाल्तो पुलाजवळ सान बार्तोलोमेओच्या चौकात एका औषधांच्या दुकानाच्या काचेत एक पाटी आहे. लाल आकडे. जुन्या व्हेनिसमध्ये आज किती माणसं राहतात, तो आकडा. १९५१ साली तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. मी त्या पाटीपुढे उभा होतो तेव्हा मागून एक ग्रुप गेला, कोणी वळूनही पाहिलं नाही. त्यांचा दोष नाही, त्यांना वेळच नव्हता. पण गाव रिकामं होतंय आणि आपण त्यातून घाईने फोटो काढत जातोय, ही गोष्ट मला बोचते.

आणि उपाय झाले नाहीत असं नाही. २०२१ पासून २५ हजार टनांवरची क्रूझ जहाजं ज्युदेक्का कालव्यातून नेता येत नाहीत. २०२४ पासून ग्रुपमध्ये २५ च्या वर माणसं चालत नाहीत आणि गाइडला लाउडस्पीकर वापरता येत नाही. त्याच वर्षी दिवसापुरतं येणाऱ्यांना पाच युरो प्रवेश फी सुरू झाली, आधी २९ दिवसांसाठी. २०२५ मध्ये ५४ दिवस, आणि ऐनवेळी भरली तर दहा युरो. हे दिवस एप्रिल ते जुलैमधले, बहुतेक शुक्रवार ते रविवार. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी आणि त्यांचे सर्वांत गर्दीचे दिवस नेमके एकावर एक येतात.

तळजाई

राईनकाठी, आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून "रात्र राहा म्हणजे झालं" हे निघत नाही. लोक तिथून का गेले? दिवसाच्या गर्दीमुळे जगणं कठीण झालं हे खरं, पण घरं परवडेनात हे त्याहून मोठं कारण आहे. घरमालकाला भाडेकरूपेक्षा चार दिवसांचा पाहुणा जास्त पैसे देतो. २०२३ मध्ये जुन्या शहरातल्या पर्यटकांच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. ज्या फ्लॅटमध्ये आपण दोन रात्री काढतो, तिथे कधीतरी एखादं कुटुंब राहत असणार. माझ्या पुण्यातल्या सोसायटीत हेच सुरू झालंय. शेजारच्या दोन घरांत आता दर शनिवारी नवी माणसं असतात, जिन्यात ओळखीचा चेहरा दिसत नाही.

म्हणून व्हेनिसला राहणाऱ्याने दिवसापुरतं येणाऱ्याला बोल लावू नये. राहायचंच तर हॉटेलात राहा, फ्लॅट घेऊ नका. नाहीतर मेस्त्रेला राहा. रेल्वेने दहा-बारा मिनिटं लागतात, आणि ते व्हेनिसच्याच नगरपालिकेत येतं. तिथे मुक्काम असणाऱ्याकडून हॉटेलातच पर्यटक कर घेतात, त्यामुळे प्रवेश फी लागत नाही, फक्त सवलतीची नोंदणी आधी करावी लागते.

पाणवठा

तळजाई, हा मुद्दा मला टोचला. आम्ही फ्लॅटमध्येच राहिलो होतो. खाली दारावर जुन्या घंटांची सहा बटणं होती, त्यातल्या चारांवर नाव नव्हतं. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. पुढच्या वेळी हॉटेल.

पण मूळ म्हणणं सोडत नाही. मेस्त्रेला राहिलात तरी सकाळी सातला आणि रात्री नऊला गावात असता येतं, आणि मला तेच हवंय. ग्रुप टूर ज्या वेळात नेते, तोच सगळ्यात वाईट वेळ आहे.

सावंतवाडीकर

वेळेइतकाच गुडघ्यांचाही विचार करा. माझ्या आईचे दोन्ही गुडघे दुखतात. त्या गावात चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळपास प्रत्येकाला पायऱ्या. ट्रॉली बॅग घेऊन रात्र राहायला जाणं म्हणजे दर शंभर पावलांवर बॅग उचलणं. आमच्यासाठी सामान बसमध्ये ठेवून पाच तास जाणं हाच शहाणपणा होता.

आम्ही काय केलं ते सांगते. चालणं शक्य नव्हतं म्हणून पियाझाले रोमाला १ नंबरच्या वापोरेत्तोत बसलो. ही तिथली साधी प्रवासी बोट, आपल्या सिटी बससारखी. तिकीट साडेनऊ युरो, पंचाहत्तर मिनिटं चालतं. पुढच्या टोकाला उघड्यावर जागा मिळाली. ही बोट ग्रँड कॅनॉलच्या दोन्ही काठांना थांबत थांबत सान मार्कोपर्यंत जाते. आई सगळा वेळ बसून होती आणि वाडे तिच्यासमोरून सरकत होते. एका धक्क्याला बाजूने सामानाची बोट गेली, तिच्यावर वॉशिंग मशीन आणि वर दोरीने बांधलेली गादी. आई म्हणाली, "अगो, ह्यांचं बिऱ्हाडसुद्धा पाण्यातूनच हलतं!" तिला तेच सगळ्यात आवडलं. मग गोंडोला घेतला नाही.

राईनकाठी

गोंडोलाचं बरं केलंत. नगरपालिकेचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो, संध्याकाळी सातनंतर पस्तीस मिनिटांना एकशे दहा. हा दर बोटीचा असतो, माणशी नाही, आणि एका बोटीत पाच जण. ज्यांना नुसतं बसून बघायचंय त्यांच्यासाठी त्रागेत्तो आहे. ग्रँड कॅनॉलवर पूल चारच, म्हणून मधे मधे लोक मोठ्या गोंडोलातून पलीकडे जातात. दोन युरो, दोन-तीन मिनिटं.

मधली_आळी

आम्ही गोंडोला घेतला आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. आईने वल्हेवाल्याला खुणेने विचारलं की एकाच बाजूला वल्हं असून बोट गोल का फिरत नाही. त्याने बोट थांबवून दाखवलं. बोटच मुळात वाकडी बांधलेली असते. डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे चोवीस सेंटीमीटर रुंद, त्यामुळे ती रिकामी असताना उजवीकडे कलते, आणि मागे डाव्या कडेला उभ्या माणसाचं वजन व वल्ह्याचा जोर ते सावरतो. वल्हं ज्यात टेकवतात तो अक्रोडाच्या लाकडाचा वळणदार खुंट त्याने आईला हात लावून बघू दिला. आईचा माहेरचा धंदा सुतारकीचा. तिने त्याच्यावरून बोटं फिरवली ती मला अजून दिसतात. हेही त्याच गर्दीच्या वेळात घडलं, पाणवठा ताई.

सुट्टीखातं

वाद चालू द्या. ज्यांच्या हातात खरोखर पाचच तास आहेत आणि जे स्वतःच्या पायाने फिरू शकतात, त्यांना माझं सांगणं: सान मार्को शेवटी बाहेरून बघा आणि आधी फ्रारीला जा. स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत. विटांचं साधं मोठं चर्च आहे, वेदीवर तिशियान या चित्रकाराचं १५१८ चं चित्र, 'मेरीचं स्वर्गारोहण', जवळजवळ सात मीटर उंच. दारातून आत शिरताच लांबवर तो लाल झगा पेटल्यासारखा दिसतो. तिशियानचं थडगंही तिथेच. शेजारी सान रोक्को, एका धार्मिक मंडळाची जुनी इमारत. तिथल्या भिंती आणि छतं तिंतोरेत्तोने वीसहून जास्त वर्षं खपून रंगवली. मान अवघडू नये म्हणून हातात धरायला आरसे ठेवलेत, आरशात बघत हळूहळू चालायचं. दोन्ही मिळून दोन तास. मला सान मार्कोच्या रांगेपेक्षा हे दहापट मोलाचं वाटतं.

राईनकाठी

इथे मात्र विरोध. सान मार्को बाहेरून? आत आठ हजार चौरस मीटरच्या वर मोझेक आहे, बहुतेक सगळं सोनेरी, आणि फरशी शतकांच्या खचण्याने लाटांसारखी झालेली. ते बाहेरून कसं कळणार? आधी वेळ आरक्षित करा, रांग फारशी लागत नाही.

आणि मधली_आळी, एक गोष्ट सांगतो, बाबांना वाईट वाटू नये. बाहेर गच्चीत दिसतात ते घोडे प्रतिकृती आहेत. हवेने खराब व्हायला लागले म्हणून मूळ घोडे चाळीसेक वर्षांपूर्वी आत हलवले, वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात. त्यांच्या अगदी जवळ उभं राहता येतं. अंगावरचा सोन्याचा मुलामा मुद्दाम ओरखडलाय, ते ओरखडेही दिसतात. नेपोलियनने १७९७ मध्ये ते पॅरिसला नेले होते, १८१५ मध्ये परत आले. तुमच्या बाबांइतकं ते घोडे पाहायचा हक्क कोणाला असेल असं मला वाटत नाही, आणि साडेचार तासांच्या कार्यक्रमात ते जिन्याने वर गेले नाहीत. माझा राग टूरवर आहे, तुमच्यावर नाही.

पाणवठा

मलाही हेच म्हणायचं होतं. मधली_आळी, "गाळा" हा शब्द मी मागे घेते. तुमच्या बाबांचं वाचून तो मला कठोर वाटला. पण काचेच्या कारखान्यातला पाऊण तास टूरवाल्यांकडे परत मागा. पंचवीस जणांनी बुकिंगच्या वेळीच लिहून दिलं की आम्हाला दुकान नको, बासिलिकाचं तिकीट हवं, तर त्यांना ऐकावं लागेल. आमच्या नणंदेच्या ग्रुपने स्वित्झर्लंडला घड्याळाच्या दुकानाबाबत असंच केलं होतं आणि तो वेळ मिळाला.

मधली_आळी

काल रात्री जेवण झाल्यावर बाबांना राईनकाठींचा प्रतिसाद वाचून दाखवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा काढून विचारलं, "मूळचे आत आहेत? मग त्या दिवशी आपल्याला कुणी सांगितलं का नाही?"

सकाळी पासपोर्टची मुदत बघत होते. २०३३ पर्यंत आहे.